शस्त्रसंधीनंतरची पहिली होडी

रेवदंड्याचे धर्माजी कोळी अलिबागच्या एका साप्ताहिकात शेजारी राष्ट्रांच्या लष्करी हालचालींवर लिहीत. १९६५च्या युद्धात त्यांच्याच इशाऱ्यावरून गावाने होड्या किनाऱ्यावर ओढल्या होत्या. शस्त्रसंधी झाल्यावर, समुद्र आता निर्धोक आहे, असे त्यांनी लिहिले; पण एकही होडी हलेना, आणि मासळी सुकवण्याच्या काठ्या रिकाम्याच राहिल्या.

"तुज्या लिवण्यानं होड्या वर आल्या," त्यांची मावशी केसर म्हणाली, "आता तूच पयला बस. उलटी झाली तर तीबी छाप."

"बसतो, मावशे."

होडीत बसताच मळमळू लागणारे धर्माजी तिच्या मुलाबरोबर निघाले. दुपारी होडी मासळीने भरून परतली. त्यांचा पांढराफटक चेहरा पाहून केसर हसली. तिच्यामागे बाकीचे आपापल्या होड्या पाण्यात लोटू लागले होते.