दोन एम
"पासवर्ड फार सोपा आहे," असं एका वेबसाइटने आज मला सुनावलं आणि सासरे आठवले. ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. ब्रॉडबँड नवीन होतं, तेव्हा शनिवार पेठेतल्या आमच्या कॉम्प्युटरला मी 'टुमॉरो' हा पासवर्ड ठेवला होता, मुद्दाम दोन एम घालून. एकदा ऑफिसात दहाची मीटिंग आणि फाइल घरच्या कॉम्प्युटरवर. मी फोन केला. "बाबा, दोन एम टाका." "एकच असतो." "अहो, चोराला कळू नये म्हणून चुकवलंय." "म्हणजे चोरासाठी मी अशुद्ध लिहायचं?" शेवटी "जबाबदारी तुझी" असं बजावून त्यांनी दुसरा एम दाबला. दहाला पाच कमी असताना फाइल ईमेलने आली, माझ्या अकरा चुका सुधारून. अजूनही पासवर्डात मुद्दाम चूक करताना मी आधी मागे वळून बघते.