पहिल्या रांगेतली नणंद

माझ्या नणंदेनं गाणाऱ्या पोराचे केस मुठीत धरले आणि भर कार्यक्रमात त्याला विचारलं, "कोण हायस तू? काय पायजे तुले?" पोरगा जमिनीवर आडवा पडला होता. हातात माइक, डोळे वर चढलेले. ड्रम थांबला, गिटारी थांबल्या. जमलेल्या पोरापोरींना वाटलं हे ठरवूनच चाललं आहे, म्हणून ते टाळ्या वाजवायला लागले. मी खुर्चीखाली चपला शोधत होते.

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या नणंदेसारखी बिनलाजी बाई झाली नाही आणि तिच्याइतकी शब्दाची पक्कीही मी कोणी पाहिली नाही. मांडलेली खुर्ची दिसली की तिला बसल्याशिवाय पुढे जाता येत नसे. अनोळखी लग्नं तर तिनं इतकी जेवली की वऱ्हाडी तिला दुसऱ्या बाजूची आत्या समजत. शिवाय विम्याच्या एजंटांची सभा, मोटरसायकलच्या दुकानाचं उद्घाटन, मधुमेहाचं शिबिर, तिनं काहीच सोडलं नाही. शिबिरात तिला मधुमेह नाही असं निघालं, तेव्हा रुसून बसली. "खुर्च्या मांडल्या अन् माणूस आलं नाई, त मांडणाऱ्याच्या जिवाले कसं वाटत असंन, वैनी?" असं ती विचारायची. मी म्हणायची, "आपल्याले काय करा लागते?" तोवर ती बसलेली असायची.

ती अकोल्याला जुन्या शहरात राहायची, मी अमरावतीला. त्या दिवशी डोळे तपासायला ती माझ्याकडे आली होती. दवाखान्यातून परत येताना एका चहाच्या दुकानाच्या जिन्यावरून पोरं प्लास्टिकच्या खुर्च्या वर नेताना दिसली. मी तिचा हात धरेपर्यंत ती अर्ध्या जिन्यावर पोचली होती. वर एक लहान खोली. खुर्च्या भरपूर, माणसं थोडी. काळे बनियन घातलेले चार पोट्टे वायरी जोडत होते. ते जे वाजवतात त्याला पंक म्हणतात हे मला मागाहून कळलं. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पोरांनी ते घरी सांगितलेलं नव्हतं आणि का सांगितलं नव्हतं ते ऐकल्याबरोबर कळतं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं जिन्यावरून कोणी लोखंडी कपाट ढकललं. नणंद पहिल्या रांगेत मोठ्या आवाजाच्या खोक्याला लागून बसली आणि आपली पिशवी तिनं त्या खोक्यावर ठेवली. "वैनी, पाय ना, पिशवी आपोआप हालते," असं तिनं माझ्या कानात ओरडून सांगितलं. खूश होती.

शेवटच्या गाण्यात गाणारा पोरगा थरथरायला लागला, मान झटकली, किंचाळला आणि पडला. आता, तिच्या सासरी धाकट्या जावेच्या अंगात यायचं. बाकीचे घर सोडून पळायचे, हीच एकटी जावेचे केस आवरायची, पाणी द्यायची, कुंकू लावायची आणि आलेल्याला काय पाहिजे ते विचारायची. ते जे मागेल त्याला हो म्हणायचं आणि एकदा हो म्हटलं की दिल्याशिवाय सुटका नाही, असा नेम. माझा अंगात येण्यावर विश्वास नाही. माझ्या मते माणूस उपाशी असला, झोप झाली नसली आणि ऐकणारं कोणी नसलं की त्याच्या अंगात येतं. पण नणंदेला खोलीत दुसरं कोणी जाणतं दिसलं नाही, म्हणून ती उठली.

"सांग, काय पायजे?"

"पाणी," पोरगा म्हणाला.

तिनं पिशवीतली बाटली दिली. तो प्यायला. "अजून?"

पोरगा हसत होता. मग हसायचा थांबला. "माया घरचं कोणी येत नाई ऐकाले," तो म्हणाला. माइक चालूच होता. "त्याईनं यावं."

पोरं हसली. नणंद हसली नाही. डबी काढून तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "येतीन." जिना उतरताना मी तिला म्हटलं, "बाई, तो नाटक करून राहिला होता." ती म्हणाली, "तो करत असंन. मी तं शब्द देला ना."

मग आमचे हाल सुरू झाले. घरचं माणूस आणेपर्यंत घरच्या माणसाच्या जागी ती स्वतः बसणार होती आणि तिच्या सोबतीला मी. शिकवणीच्या वर्गात, व्यायामशाळेत, अकोल्याला सरकीच्या गोदामात, जिथे जागा फुकट मिळेल तिथे ती पोरं वाजवायची. शेजारी ओरडतात म्हणून दिवस मावळायच्या आत. मी कानात कापूस घालून जायची. ती कापूस घालत नसे, "यजमानाचा अपमान होते" म्हणायची. येताना फोडणीचे मुरमुरे आणायची आणि गाणं संपलं की कागदावर ओतून पोरांपुढे ठेवायची. कोण कसा वाजवतो हे तिला कळत नव्हतं, कोण जेवून आला नाही ते मात्र कळायचं. शिव्यांच्या गाण्याबद्दल तिनं एकदा पोरांना बसवून सांगितलं, "शिवी एकडाव द्या बाप्पा. दहाडाव देली का तिचं भजन होते." त्यांनी ते कडवं कापलं. शेवटच्या गाण्याआधी गाणारा तिच्यापुढे वाकायचा आणि ती कुंकू लावायची. पुढे अकोल्याच्या दुसऱ्या एका बँडचा ड्रमवालाही कपाळ पुढे करायला लागला. त्याच्या कपाळात खिळा टोचलेला होता. तिनं खिळा वाचवून लावलं.

गाणाऱ्या पोराला आई नव्हती. बाप अंजनगाव सुर्जीला बाजारात अडतीचं दुकान चालवायचा. एक दिवस ती मला घेऊन थेट तिथे गेली. बापानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी त्याच्या कोण लागता?"

"कोणीच नाई. म्हणूनच आली. मी तुमच्या जागी बसून राहिली, आता तुमी बसा."

"तो बोंबलते ते ऐकाले दुकान बंद करू?"

"बंद काहून करता? नोकर बसवा."

"पाहू," तो म्हणाला. आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. तो आला नाही. तीनदा तारीख कळवली, तीनदा आला नाही. तिसऱ्या खेपेला परतीच्या एसटीत तिनं मला एकदाच विचारलं, "वैनी, मी मेली तं ह्या शब्दाचं काय होईन?" मी म्हटलं, "शब्दाले काय होते? तुमी आधी खिडकी लावा, धूळ येते." यापेक्षा बरं काही बोलता आलं असतं.

थंडीत ती गेली. दुपारी आडवी झाली, उठली नाही. तेरवीला ती चारही पोरं आली आणि कोणी न सांगता शर्टाच्या बाह्या वर करून वाढायला लागली. पंगत बसली आणि दारातून अंजनगावचा तो बाप आत आला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाई माया दारात येऊन गेलती. तेरवीले यावंच लागते." मी त्याला पंगतीत मधे बसवलं.

जेवण अर्ध्यावर आलं आणि एका म्हाताऱ्यानं आवाज दिला, "श्लोक म्हना रे कोणी." कोणाला येईना. मी गाणाऱ्या पोराला म्हटलं, "तू म्हन. तुले जे येते ते म्हन."

वरणाची बादली हातात घेऊन तो उभा होता. बापाकडे त्यानं पाहिलं नाही. माइक नव्हता, ड्रम नव्हता, म्हणून त्यांचं ते शेवटचं गाणं किंचाळता येण्यासारखं नव्हतं. त्यानं ते साधंच म्हटलं आणि इतक्या कार्यक्रमांनंतर मला त्याचे शब्द पहिल्यांदा कळले. एका घरात दोघं राहतात, दोघंही जेवतात आणि बोलतो फक्त टीव्ही, असं काहीतरी ते गाणं होतं. बापाचा घास हातातच राहिला. भरल्या पंगतीतून मधेच उठत नसतात, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत बसावं लागलं. गाणं संपलं. वऱ्हाडात तेरवीला टाळ्या वाजवत नाहीत. कोणी वाजवल्या नाहीत.

बाप पत्रावळीकडे पाहत म्हणाला, "वरण आण इकडं."

पोरानं वाढलं. थोडं जास्तच वाढलं, भातावरून वाहून गेलं.

तिची कुंकवाची डबी आता माझ्या पिशवीत असते. घरचं माणूस येईल असा शब्द तिनं दिला होता. तो पुरा झाला तेव्हा ती नव्हती. पोरगा होता, त्याचा बाप होता आणि मी होते.