वहाणा काढायच्या रेषेवरचा डोंगर

१८ डिसेंबर. गावाहून नवा आंबेमोहोर आला होता. तो निवडून पत्र्याच्या डब्यांत भरायचा होता. सासरे समोर खुर्चीत बसले होते. पहिला डबा भरताच त्यांनी त्यातून ओंजळभर तांदूळ काढला आणि रुमालात बांधून मांडीवर ठेवला.

"ह्यो देवीचा," ते म्हणाले.

विषय पुन्हा निघाला होता.

आमचं गाव मुळशी धरणाच्या अलीकडे. गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, देवीची राई आहे. नवा तांदूळ आला की आधी त्याचा भात राईत नैवेद्याला न्यायचा, मग घरात खायचा. सासूबाई होत्या तोवर त्या रांधत आणि सासरे नेत. त्या गेल्यावरही सासऱ्यांनी ते सोडलं नाही. मग त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि ते आमच्याकडे सूसच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: सपाटीवर हवं तेवढं चाला, साधा चढ चालेल, खडी चढण नाही. गावातून राईकडे जाणारी वाट म्हणजे नुसती खडी चढण. गेल्या वर्षी नैवेद्य माझ्या नवऱ्याने नेला. सासऱ्यांच्या मते तो देवीला पोचला, पण गडबडीत पोचला.

"औंदा मागल्या अंगानं जाऊ," ते म्हणाले. "वर सड्यावर त्या फार्महाऊसवाल्यांनी रस्ता केलाय. गाडी पार वर जाती. तितनं राईपातूर सपाट हाय."

"मामा, तुम्हाला सगळंच सपाट असतं. गेल्या महिन्यात जिन्याने तीन मजले चढलात."

"लिफ्ट बंद हुती."

"चालू होती. आत शेजाऱ्यांचं कुत्रं होतं."

"त्ये लई भुकतं," ते म्हणाले आणि रुमालाची गाठ घट्ट केली.

सरळ जाऊन बघता आलं असतं. पण मी निघाले की ते आधी गाडीत बसणार, आणि अर्ध्या वाटेवरून माघारी फिरणारा हा माणूस नाही. म्हणून चढ किती आहे ते मला घरातूनच कळायला हवं होतं.

मी बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात आहे. जमिनीची उंची-सखलता दाखवणाऱ्या रेषा काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण त्यासाठी आधी सर्व्हेअर यंत्र घेऊन जागेवर जातो. ओंजळभर तांदळासाठी सर्व्हेअर कोण बोलावणार? उपग्रहांनी मोजलेली साऱ्या पृथ्वीची उंची इंटरनेटवर फुकट मिळते, एवढं ऐकून होते. शोधायला बसले. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, इतकंच. एका साइटवर खातं उघडावं लागलं. दुसरीने विचारलं, माहिती कशासाठी हवी? मी लिहिलं, घरगुती कामासाठी. पहिल्यांदा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि मुळशीऐवजी उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड समुद्राचा तुकडा उतरला. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. धरणाचं पाणी ताटासारखं सपाट दिसत होतं आणि त्याच्या काठाने सगळे डोंगर उभे होते. सासऱ्यांना बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"ह्ये धरन. म्हंजी आपलं घर हितं," ते म्हणाले आणि बोट टेकवलं. बोट अगदी योग्य जागी होतं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

सड्यावरचा, म्हणजे वरच्या पठारावरचा, रस्ता संपतो तिथपासून देवीपर्यंत मी एक रेघ ओढली आणि त्या रेघेवरचा चढ-उतार काढला. सुरुवातीला साधा चढ, मध्ये एक ओढा, पुन्हा साधा चढ. आणि राईच्या तोंडाशी रेघ एकदम सहा-सात मजले वर. दुसऱ्यांदा काढली, तरी तेच.

"नाही जमणार, मामा. राईच्या तोंडाशी खडी चढण आहे."

"तोंडाशी? तितं मी गुरं बसवायचो."

"त्याला किती वर्षं झाली?"

"वरसं झाली म्हनून डोंगर वाढतो व्हय गं?"

मी म्हटलं, इतका मोठा फरक यंत्र चुकून दाखवणार नाही. सकाळी डबा उघडला तर देवीचा तांदूळ परत त्यात ओतलेला होता आणि रुमालाची घडी झाकणावर ठेवलेली होती. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर ते राईबद्दल बोललेच नाहीत. घरात नवा तांदूळ शिजवायला माझाही हात धजेना. आम्ही सगळे दुकानातला तांदूळ खात राहिलो आणि का, ते कोणीच विचारलं नाही.

मग ऑफिसात हिंजवडीकडच्या एका जागेचं काम आलं. अंदाज घ्यायला मी तीच फुकटची माहिती उघडली, तर हिंजवडीत टेकड्यांची रांग उभी. त्या रस्त्याने मी कितीदा गेले आहे, तिथे अशा टेकड्या नाहीत. खाली हवाई फोटो लावून पाहिला. प्रत्येक टेकडीखाली एक टॉवर होता. मग माहितीबरोबर आलेलं पान वाचलं. ते मी पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. वरून जे दिसतं त्याची ही उंची होती. इमारत असेल तिथे गच्चीची, झाडी असेल तिथे शेंड्यांची.

घरी येऊन राईखाली फोटो लावला. राईच्या कडेला दगडांची एक ओळ आहे. तिथे वहाणा काढायच्या. आतली वाळकी काडीसुद्धा कोणी बाहेर आणत नाही, म्हणून आतली झाडं तेवढी उंच झाली आहेत. माझी खडी चढण बरोबर त्या ओळीवर सुरू होत होती. वहाणा काढायच्या रेषेवर कुठला डोंगर उभा राहतो? रेघ देवीच्या पुढे वाढवली, तर राईच्या पलीकडे ती खाली उतरून पुन्हा आपल्या जुन्या चढाला लागली. दोन्ही टोकं जोडली. झाडा-घरांची उंची अंदाजाने वजा केलेली आणखी एक फुकटची माहिती सापडली, तिच्यावरही ताडून पाहिलं. मधला चढ साधाच होता.

सासरे बातम्या बघत होते.

"मामा, उद्या राईत जायचं."

त्यांनी टीव्ही बंद केला. "नकाशा काय म्हंतोय?"

"नकाशाने झाडांची उंची जमिनीत धरली होती."

"त्येनं वरनं बघितलं ना? वरनं बघितल्यावर तसंच दिसनार. त्येचं काय चुकलं न्हाई."

माझं चुकलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

"मी थांबा म्हटलं की थांबायचं. बसा म्हटलं की बसायचं."

"आन देवीनं चल म्हटलं तर?"

"तरी आधी मला विचारायचं."

ते उठले आणि डब्यातून तांदूळ काढून पुन्हा रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला सुटी कळवली, भात शिजवला, डबा बांधला, जिभेखाली ठेवायची गोळी पर्समध्ये टाकली आणि प्लास्टिकचं स्टूल गाडीत घातलं. रस्ता संपला तिथून आम्ही चालत निघालो. मध्ये ओढा लागला. "ह्यो हितं नव्हता," सासरे म्हणाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि नकाशात होता म्हणून सांगितलं. ओढ्यानंतर चढ साधा होता. दगडांच्या ओळीशी त्यांनी वहाणा काढल्या, मान मागे टाकून शेंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्योच तुजा डोंगर." मग डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः आत नेला.

परत ओळीपाशी आल्यावर त्यांच्या टाचेला एक ओलं पान चिकटलेलं दिसलं. मी खाली बसून ते काढलं, ओळीच्या आत टाकलं आणि वहाणा त्यांच्या पायांसमोर सरळ करून ठेवल्या.