चौतीस टक्क्यांवर अडलेला व्हिदोये

सर्बियातल्या चाचाक गावच्या शाळेत व्हिदोये एकतीस वर्षं संगणक सांभाळत होता. सर्व्हर बंद पडला तरी तो आधी कॉफी संपवायचा, मिशा पुसायचा, मग उठायचा. "आपण घाबरलोय हे यंत्राला कळू द्यायचं नसतं," असं म्हणे. त्या डिसेंबरात मात्र यंत्रांना कळलं.

छत्तीस नवे संगणक आले होते, पोटात काही नसलेले. मुख्याध्यापिका ल्युबिंकाबाईंनी बजावलं, "शुक्रवारी बारापर्यंत सगळे चालू हवेत. जमत नसेल तर तसं सांग, बेलग्रेडची कंपनी तयारच आहे. मग मात्र तुझी जागा ठेवायचं मला काही कारण उरत नाही." पेन्शनला दोन वर्षं उरलेल्या माणसाला असं सांगतात का? पण सांगितलं खरं.

एकेका संगणकापाशी बसून ऑपरेटिंग सिस्टीम घालायला वेळ नव्हता. व्हिदोयेने ती नेटवर्कवरून सगळ्यांना एकदम पाठवायचं ठरवलं. हा प्रयोग बघण्यासारखा असतो. संगणक जागा होतो आणि पाठांतर न करता आलेल्या नटासारखा ओरडतो, मी कोण? माझी वाक्यं कुठायत? विंगेतून सर्व्हर आधी त्याला नाव सांगतो, मग ओळीमागून ओळ पुरवतो. इथे तर नट छत्तीस आणि प्रॉम्प्टर एकटा!

सोमवारी छत्तीस पडदे उजळले, निळ्या पट्ट्या डौलात सरकू लागल्या आणि चौतीस टक्क्यांवर सगळे एका दमात मुके झाले.

व्हिदोयेने सर्व्हर तपासला. ठणठणीत. तारा बदलल्या, फाईल नव्याने उतरवली. पुन्हा तेच. मग तो तळमजल्यावर गेला. सगळ्या तारा जिथे एकत्र येत ती नवी लोखंडी पेटी तिथल्या व्हरांड्यात होती आणि तिला पाठ लावून देसामावशीची खुर्ची. देसांका म्हणजे शाळेची शिपाईण. घंटा तिची, फरशी तिची, सगळ्यांच्या भानगडीही तिलाच ठाऊक. व्हिदोयेच्या पावलांची चाहूल लागली की ती अगत्याने उठायची, शाल खांद्यावर ओढायची आणि कॉफीचं भांडं चढवायची. पेटीवर तोवर हिरवे दिवे लुकलुकत असायचे.

"चालतंय की रे!"

"मी आलो की चालतं, मावशी. वर गेलो की मरतं."

"मग माझ्या नवऱ्याच्या जातीचं आहे. नजर हटली की लवंडतो."

मंगळवारही तसाच गेला. बुधवारी निकोलदान, म्हणजे मावशीच्या घरच्या संताचा दिवस, तिला सुट्टी. व्हिदोयेने चाचणीला सहा संगणक लावले. सहाच्या सहा शंभर टक्के! संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. या सणाला बोलावणं नसतं, आपणच जायचं असतं. तळलेला मासा झाला, भट्टीतली घेवड्याची उसळ झाली, राकिया नावाच्या कडक दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर त्याने सोळा नातेवाइकांसमोर उभं राहून जाहीर केलं, "मी जिंकलो!" नातेवाइकांना काही कळलं नाही, पण त्यांनी ग्लास उंचावले.

गुरुवारी उरलेले तीस लावले. चौतीस टक्के.

व्हिदोये बाकावर बसून राहिला. काल काय वेगळं होतं? तारा त्याच, सर्व्हर तोच. संगणक कमी होते, पण सोमवारी सहा लावले असते तरी... काल शाळेत कॉफी मिळाली नव्हती. कॉफी नव्हती, कारण मावशी नव्हती!

त्याने संगणक पुन्हा सुरू केले, बूट काढले आणि पायमोज्यांवर जिना उतरून कोपऱ्यातून डोकावला. मावशी विणत बसली होती आणि तिची लोकरीची शाल पेटीच्या पंख्याच्या जाळीत गच्च कोंबलेली होती. आत बिचारी पेटी भाजून निघत होती आणि तापली की कामच थांबवत होती.

"मावशी! हे काय?"

"काय म्हणजे? मेलं थेट कमरेवर वारा मारतंय. समोर दार, मागे हे. आरपार! माझ्या नणंदेचं तोंड अशाच वाऱ्याने वाकडं झालं."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. पण व्हिदोये स्वतः ऑक्टोबर ते मे कानात कापूस घालून हिंडणारा. त्याचा चेहरा पडला.

"पेटी बसवली तेव्हापासून वाऱ्यात बसतेस? मला बोलली नाहीस?"

"तू इतका खुशीत होतास तिला घेऊन. म्हटलं, राहू दे."

"माफ कर मावशी. माझं चुकलं."

"ते नंतर. आधी बूट घाल, फरशी गार आहे."

पेटी हलवायला तारा पुरत नव्हत्या. खुर्ची हलवायला मावशी तयार नव्हती, कारण तिथून दोन्ही दारं दिसत. शेवटी व्हिदोये सभागृहात गेला आणि शाळेच्या जुन्या नाटकातली राजवाड्याची भिंत पाठीवर घेऊन आला. रंग उडालेला, पण दोन खांब आणि एक मोर अजून शाबूत. ती दोघांच्या मध्ये उभी केली. पेटीचा वारा मोराकडे, मावशी सिंहासनावर असल्यासारखी अलीकडे.

शुक्रवारी बाराला ल्युबिंकाबाई कंपनीच्या ओग्न्येनसाहेबांना घेऊन आल्या. बाईंच्या हातात कराराचा कागद तयार होता. वर छत्तीस पडदे झळकत होते. खाली येऊन बाईंनी मोराकडे पाहिलं.

"बिघाड काय होता?"

"वारा, बाई," व्हिदोये म्हणाला आणि सगळं सांगितलं.

बाईंचा हात आपोआप गळ्यातल्या रुमालाकडे गेला. ओग्न्येनसाहेब मात्र मोठ्याने हसले. "वाऱ्याने काय होतंय? जुन्या बायकांच्या समजुती! मी डोक्यावरून अंघोळ करून तसाच गाडीच्या खिडक्या उघड्या टाकून येतो."

मावशीने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"ओल्या केसांनी?" बाईंनी हळूच विचारलं. "डिसेंबरात?"

"रोज!"

बाईंनी करार घडी करून पर्समध्ये घातला. "महाशय, इथे लहान मुलं शिकतात. व्हिदोये, ते मागचं दार लाव आधी."

साहेब पायऱ्या उतरताना दोनदा शिंकले.

"बघा!" आतून तिघंही एकदम म्हणाली.