तेल गप्प होईपर्यंत

आमच्या सासूबाई अख्खे बटेर तळून विकायच्या. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण त्याची सरबराई काय विचारता! आधी पोटाच्या आतूनसुद्धा फडक्याने टिपून कोरडा करायचा; आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल अंगावर येतं. मग लसूण, मिरी, मीठ आतबाहेर चोळायचं, तंगड्या दोऱ्याने बांधायच्या आणि तासभर उघडं ठेवायचं. कढईत तेल अर्ध्यापर्यंतच आणि एका वेळी चारच पक्षी. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी एकदम आठ सोडले, तर त्यांनी मला असं हाकललं की पुढची बारा वर्षं मी नुसता लसूण सोलत आले.

किती वेळ तळायचं विचारलं, तर म्हणायच्या, "तेलाला विचार." पक्ष्यातलं पाणी निघतंय तोवर तेल तडतडतं, मग नुसतं कुजबुजतं, आणि ती कुजबुज विरत आली की काढायचं. घड्याळ बघून तळणाऱ्यांची त्यांना कीव यायची. सासरे गेल्यावर दोन मुलं त्यांनी याच कढईवर वाढवली. गल्लीत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तळणकाकूच म्हणायचे.

आम्ही दोघीही फटकळ, त्यामुळे भांडण झालं तरी तिथल्या तिथे मिटायचं. पण गेल्या वर्षभरात बाई बदलल्या. मी 'जाते हो' म्हणावं, तर मान वर नाही. जेवायला हाक मारावी, तर ओ नाही. नवरा म्हणाला, "वय झालंय तिचं, सोडून दे." सोडून द्यायला मी काय संत आहे? मीही मग त्यांच्या पाठीमागे उभी राहून वाट्टेल ते बोलायला लागले. ऐकू गेलं तर बरंच, अशा बेताने.

एका दुपारी समोरची शिंपीण ताट घेऊन परत आली. लेकीला नोकरी लागली म्हणून तिने सहा बटेर नेले होते. बिचारी ओशाळून म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण हाडाशी कच्चे आहेत."

सासूबाईंनी एक तंगडी मोडली. आत मांस गुलाबी. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "जाळ मंद असेल," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी मात्र लेकाला माझ्यासमोर सांगितलं, "पुन्हा असं झालं तर कढई देऊन टाकीन. लोकांना कच्चं खायला घालायचं असेल, तर मी जगून तरी काय करू?"

रविवारी कारखान्यातल्या मुकादमाकडे बारा पक्षी जायचे होते. मी मुद्दाम मागे उभी राहिले. जाळ चांगला मोठा होता. चार पक्षी सोडले, रंग चढला, आणि तेल जोरात तडतडत असतानाच बाईंनी झारा घातला.

"अहो आई, अजून बोलतंय की तेल!"

त्यांनी दोन पक्षी बाहेर काढले.

"आई!" मी किंचाळले. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं, पण या ढिम्म. खांद्याला हात लावला तर केवढ्याने दचकल्या!

मी त्यांना माझ्याकडे वळवलं आणि मोठ्याने सांगितलं, "तेल गप्प झालेलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

"मला? मला सगळं ऐकू येतं!" आधी चिडल्या. मग कढईकडे बघितलं. बुडबुडे नुसते उसळत होते. मटकन स्टुलावर बसल्या.

"म्हणजे तू माझ्याशी बोलत होतीस?"

"कधी?"

"हेच, वर्षभर. मला वाटलं, तू अबोला धरलायस. माझं काय चुकलं, तेच कळेना. विचारायचा धीर झाला नाही गं."

बारा पक्षी त्या दिवशी त्यांनीच तळले. मी शेजारी उभी राहून त्यांचं कोपर धरलं आणि कुजबुज विरत आली की दाबलं. पहिल्या घाण्यातला एक त्यांनी मोडून बघितला. हाडापर्यंत शिजला होता. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंही कबूल केलं.

शेवटचा घाणा काढून झाल्यावर हात पुसत माझ्याकडे वळल्या. "वर्षभर काय काय बोललीस ते सांग ना आता. मोठ्याने, नीट."

माझ्या ओठांकडे टक लावून वाट बघत राहिल्या. एवढी तोंडाळ मी, पण त्यांना सांगण्यासारखं दोन मिनिटांत संपलं असतं. बाकीचं सगळं मी त्यांच्या पाठीला ऐकवलं होतं. मला रडूच कोसळलं.

"अगं, तेल उडालं का? कुठे भाजलं, बघू," म्हणत त्या माझे हात उलटेपालटे करून बघत राहिल्या.