काळी एकच ना?

चिक्कडपल्लीच्या सुधीर बिदरकरांनी उभा जन्म पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पण त्या नात्याने त्यांना कुणी फारसं ओळखलं नाही. "वो बाजेवाले बिदरकर साब" म्हटलं, की ऑटोवाले थेट त्यांच्या दाराशी आणून सोडत.

सुरुवात झाली वडिलांच्या भजनाच्या पेटीवर. कॉलेजात असताना सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बाईंकडे ते ॲकॉर्डियन शिकले. तान्ह्या पोराला छातीशी धरावं तसं ते वाद्य धरून रेल्वे कॉलनीतल्या लग्नांतून, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांतून वाजवत फिरले. मग शेजारच्या एका गृहस्थांनी दुबईहून येताना चादरीत गुंडाळून सिंथेसायझर आणला. तो पाहायला गल्ली लोटली होती. एकाच खोक्यातून बासरी, सतार, व्हायोलिन ऐकून समोरच्या पानवाल्याने खाली वाकून विचारलं होतं, "इसमें आदमी किधर बैठा है, साब?" ती गोष्ट सुधीरराव आजही पोट धरून हसत सांगतात.

नंतर कितीतरी कीबोर्ड आले आणि गेले, पण एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. गाणाऱ्याची पट्टी कुठलीही असो, पांढरी चार की काळी पाच, त्यांची बोटं त्या पट्टीत तशीच सहज धावत. कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की वाजवणारा आपला सोप्या पांढऱ्या एकमध्ये वाजवत राहतो आणि सूर मात्र हव्या त्या पट्टीत निघतात. ट्रान्सपोज म्हणतात त्याला. "बटण दाबून पट्टी बदलायची म्हणजे लिफ्टने गोवळकोंडा चढायचा," असं सुधीरराव म्हणत, आणि पोरंसोरं हसत.

मग उजव्या हाताचं एक बोट आखडायला लागलं. सकाळी तर ते मिटता मिटत नसे. काळ्या पट्ट्यांवर ते वेळेत पोचेना. डॉक्टरांनी वय सांगितलं, मेणाचा शेक सांगितला. सुधीररावांनी शेक घेतला, आणि एके दिवशी घरात कुणी नसताना ते बटण दाबून पाहिलं. बोटाला किती बरं वाटलं! तेव्हापासून ते प्रत्येक कार्यक्रमात ट्रान्सपोज वापरू लागले. पट्टीचा आकडा, पांढरी एकपासून किती घरं वर तो, कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर दिसतो, तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून घाम पुसायचा नॅपकिन त्यावर सहज टाकल्यासारखा टाकून ठेवत. गाणं बदललं, की कोपरा उचलून आकडा बदलायचा, पुन्हा झाकायचं. बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मराठी मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम अंबरपेठच्या एका हॉलमध्ये होता. मुख्य गाणं प्रमिलाताई निलंगेकरांचं. प्रमिलाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, पण गळा असा की मागच्या रांगेतल्याने माइक बंद पडला तरी तक्रार करू नये. सुधीरराव त्यांना तरुणपणापासून साथ करत आलेले. त्यांची पट्टी काळी एक. ती सुधीररावांना स्वतःच्या घराच्या पत्त्यासारखी पाठ.

ताईंच्या आधी हर्षवर्धन नावाचा तरुण गायला, काळी दोनमध्ये. टाळ्या झाल्या, निवेदिकेने ताईंचं नाव घेतलं, ताई हळूहळू पायऱ्या चढून आल्या. कुणीतरी सुधीररावांना चहाचा कप दिला, त्यांनी तो खाली ठेवला, आणि नॅपकिनचा कोपरा उचलायचा राहून गेला.

त्यांनी सूर दिला, ताईंनी तो धरला. धृपद कसंबसं निभावलं. तालाच्या साथीला ऑक्टोपॅडवर गौतम होता. त्याच्या वाद्याला पट्टीचं सोयरसुतक नाही, त्यामुळे खटकलं कुणालाच नाही. कडव्याआधीच्या वाद्यमेळात ताईंनी वळून हळूच विचारलं, "सुधीर, काळी एकच ना?"

"हो ताई," सुधीररावांनी मान डोलावली. खोटं बोलावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना खात्रीच होती.

ताईंनी अंतरा उचलला. वरच्या सुरावर जाताना आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्या वर गेल्याच नाहीत, ती ओळ खालच्या सुरात जवळजवळ बोलून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वाजवल्या. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायला वाजवतात तशा. पुढच्या रांगेत ताईंची सून नेहा मोबाइलवर चित्रण करत होती. तिने तो हळूच खाली घेतला.

कार्यक्रम संपल्यावर सुधीररावांनी आवरायला घेतलं. नॅपकिन उचलला. पडद्यावर अजून हर्षवर्धनच्या काळी दोनचे तीन होते. तिथे एक हवा होता.

तेवढ्यात ताई जवळ आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण त्या हसत होत्या.

"गळा संपला रे माझा, सुधीर. आज कळलं. काळी एकसुद्धा झेपत नाही आता."

सुधीररावांचा अंगठा वीज बंद करायच्या बटणावर होता. त्यांनी ते दाबलं. पडदा काळा झाला, आकडा गेला.

"असं काय बोलता ताई," ते म्हणाले, "सर्दी असेल."

घरी जाताना ऑटोत त्यांनी मनाशी ठरवलं, की उद्या फोन करून सांगायचं. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतला आणि वाटलं, अशी गोष्ट फोनवर कशी सांगणार? मग वाटलं, ताई चार दिवसांत विसरतील, उगीच कशाला उकरायचं? खरं कारण त्यांना ठाऊक होतं. चूक कबूल करायची तर बटण कबूल करावं लागणार, आणि बटण कबूल केलं की गोवळकोंड्याचा विनोद त्यांच्यावरच उलटणार.

ताई विसरल्या नाहीत. दर गुरुवारी त्यांच्या घरी बायका गाणं शिकायला यायच्या, तो वर्ग त्यांनी बंद केला. पुढे मंडळाच्या गणपतीतल्या गाण्यालाही नाही म्हणाल्या. घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. सगळं ठीक आहे, वयाचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ताईंनी त्यातला फक्त वयाचा शब्द घरी आणला.

सुधीरराव भेटायला गेले. या वेळी बोलायचंच म्हणून गेले. ताईंनी चहा केला, समोर उस्मानिया बिस्किटं ठेवली.

"आमची नात विचारत होती, आजी, पुन्हा कधी गाणार? म्हटलं, आजीला गाता येत नाही आता." ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण तुझं बरं आहे हो. तुझी बोटं अजून तशीच. इतक्या वर्षांत तुझी पट्टी कधी चुकली नाही. त्या दिवशी तूही चुकला असतास ना, तर मला किती बरं वाटलं असतं."

बिस्किट चहात पडून विरघळलं. सुधीररावांनी तोंड उघडलं, आणि "येतो ताई" एवढंच म्हणून उठले.

त्या दिवसानंतर त्यांनी कीबोर्डवरची खोळ काढली नाही. जेवण कमी झालं. त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाई काही दिवस बघत राहिल्या, आणि एका सकाळी मेणाचं भांडं समोर ठेवत म्हणाल्या, "अहो, बोट फार दुखतंय का?"

"बोटाचं काही नाही."

"मग?"

सुधीररावांनी सगळं सांगितलं. नॅपकिन, तीनचा आकडा, चहातलं बिस्किट, सगळं. त्रिवेणीबाईंनी मेणाचं भांडं बाजूला सरकवलं.

"बटणाचं मला ठाऊक होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही काळी दोनचं गाणं वाजवता आणि बोटं सगळी पांढऱ्यांवर. चाळीस वर्षं बघतेय मी तुमचे हात. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण ताईंना मात्र तुम्ही रडवलंत. ते बरं केलं नाही."

सुधीररावांनी ऑटो बोलावला. "हल्लू, चाचा, हल्लू," म्हणत ऑटोवाल्याने कीबोर्ड मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि सुधीरराव कसेबसे कडेला बसले.

अंबरपेठला ताईंच्या घरी नेहाने दार उघडलं. ताई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होत्या.

"हे काय? वाजवून दाखवतोस की काय मला?"

"हो." सुधीररावांनी कीबोर्ड टेबलावर मांडला, वायर लावली. नॅपकिन आणलाच नव्हता. "ताई, हा आकडा बघा. एक म्हणजे तुमची काळी एक. त्या दिवशी इथे तीन होते. मी वाजवलं काळी दोनमध्ये. तुमचा गळा संपला नव्हता, मी चुकलो होतो. आवरताना माझ्या लक्षात आलं. तुम्ही जवळ आलात तेव्हा मला माहीत होतं."

ताईंनी चष्मा नीट केला आणि आकड्याकडे बघितलं. "वाजव."

त्यांनी आधी काळी दोनमध्ये त्या गाण्याचा अंतरा वाजवला. मग एकमध्ये. ताईंनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं. त्या गायल्या नाहीत. ओठ नुसते हलले.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"आणि मागे इथे बसून माझा चहा प्यायलास."

सुधीररावांनी मान खाली घातली.

"मी तुला विचारलं होतं रे. सगळ्यांसमोर, चालू गाण्यात विचारलं होतं. काळी एकच ना?"

"तेव्हा मला खरंच—"

"तेव्हाचं सोड. चूक कुणाच्याही हातून होते. पण नंतर?" ताईंचा आवाज चढला, आणि आतून नेहा दाराशी येऊन थांबली. "मी देवापुढे बसून सुद्धा गाणं सोडलं, सुधीर. भजनाला टाळ्या वाजवायच्या आणि गप्प बसायचं. का, तर तुझ्या बटणाची लाज झाकायला?"

सुधीररावांनी कीबोर्डची वायर काढली. ताई म्हणाल्या, "आता जा. आणि हे मंडळात सगळ्यांना सांग. मी सांगणार नाही. तू सांगायचं."

रविवारी मंडळाच्या तालमीला सगळे जमले तेव्हा सुधीररावांनी उभं राहून सांगितलं. बोटाचं, बटणाचं, नॅपकिनचं, ताईंचं, काही ठेवलं नाही. आता हसतील, असं वाटून ते थांबले.

कुणी हसलं नाही. गौतम म्हणाला, "सर, ट्रान्सपोज तर सगळेच वापरतात. त्यात काय एवढं? आम्हाला वाटलंच होतं, तुम्ही पण वापरता म्हणून. नॅपकिन सारखा तिथेच कसा पडतो?"

सुधीरराव खुर्चीत बसले. ज्या गोष्टीसाठी त्यांनी ताईंना गप्प केलं होतं, तिची कुणालाच किंमत नव्हती. सगळे रागावले असते तर बरं झालं असतं. हर्षवर्धनने पाणी आणून दिलं, आणि तालीम सुरूसुद्धा झाली.

ताईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. निरोप नेहाच्या हातून आला, की बायकांना साथीला कुणी नाही, सुधीरकाकांना जमत असेल तर यावं. सुधीरराव तेव्हापासून दर गुरुवारी अंबरपेठला जातात. कीबोर्ड ताईंच्याच घरी ठेवलाय, त्याचा पडदा उघडा असतो, आणि प्रत्येक गाण्याआधी ते आकडा मोठ्याने वाचतात. ताई पूर्वीसारख्या सुधीर म्हणून हाक मारतात, चहा देतात, बोटाची चौकशी करतात. माफ केलं असं मात्र कधी म्हणाल्या नाहीत, आणि सुधीररावांनी विचारलं नाही.

स्टेजवर ताई पुन्हा गेल्या नाहीत. वर्गात शिकवताना गातात. धृपद छान गातात, आवाज स्वच्छ लागतो, काळी एकमध्ये अजून सहज फिरतो. पण अंतऱ्यातली वरची जागा आली, की त्या थांबतात आणि हाताने बायकांना खूण करतात, तुम्ही घ्या. गळ्याला काही झालेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे. सुधीररावांनाही ठाऊक आहे. ते वाजवत राहतात, मान वर न करता, आणि बायका ती जागा आपापल्या परीने घेतात, कुणी सुरात, कुणी थोडी खाली.

मागच्या गुरुवारी निघताना ताई दारापर्यंत आल्या. "पुढच्या वेळी जरा लवकर ये," त्या म्हणाल्या. "नवीन दोघी यायच्यात. त्यांच्या पट्ट्या शोधायच्यात."

"येतो ताई," सुधीरराव म्हणाले, आणि रस्त्यावर येऊन ऑटो शोधू लागले.