टाळू

जेवण अंगावर आलंय आणि मी भिंतीकडे तोंड करून चटईवर पडलोय. झोपलोय की नुसता पडलोय, हे माझं मलाच सांगता येत नाही. आतल्या खोलीत माझी थोरली बहीण, मंजूताई, बाळाचे कपडे बॅगेत भरतेय. चेन कुठंतरी अडकते, ती पुटपुटते आणि पुन्हा ओढते. थोड्या वेळात भाऊजी गाडी घेऊन येतील आणि माझी मुलगी इचलकरंजीला त्यांच्याकडे राहायला जाईल. कायमची. असं आमचं ठरलंय, म्हणजे ताईनं ठरवलंय आणि मी मान हलवली. हल्ली मी कशालाही मान हलवतो.

मुलगी माझ्या शेजारी पाळण्यात आहे. तिची आई, वृषाली, तिला जन्म देऊन त्याच संध्याकाळी गेली. रक्त थांबलंच नाही. तेव्हापासून मला काही होत नाही. रडू येत नाही, भूक लागत नाही, मुलीकडे बघूनही काही वाटत नाही. लोक म्हणतात, पोरगा धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा, बधिर झालोय.

मी मुलीला जवळ घेत नाही म्हणून ताई चिडते. त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. बाळाची टाळू उडते. डोक्यावरच्या त्या मऊ जागी कातडीखाली काहीतरी सारखं धडधडत असतं आणि वर हाड नसतं. मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस. पंपावर तळहात ठेवला की बेअरिंग गेलंय की कॉइल जळलीय ते सांगतो, सगळं कराड त्यासाठी माझ्याकडे येतं. पण त्या जागेवर हात ठेवायचा म्हटलं की हात मागे येतो. माझ्या हातून बंद पडलं तर काय करायचं? एक बंद पडलेलं मी पाहिलंय.

पाळण्याची कडी कुरकुरते. वारा तर नाही. मी मान वळवतो, तर पाळणा माझ्या दुकानात टांगलेला आहे, कामाच्या टेबलावर, आणि वृषाली स्टुलावर बसून दोरी ओढतेय. अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन आहे. केस मात्र नुकतेच धुतलेले आहेत, पाठीवर मोकळे. तिला बघून मी दचकत नाही.

"जेवलात?" ती विचारते.

मी मान हलवतो.

"काय जेवलात?"

मला आठवत नाही. वांगं म्हणतो. ती हसते. खोटंच बोलायचं तर माणसानं भाजी तरी स्वतःला आवडणारी सांगावी, म्हणते.

दुकानाचं शटर वर आहे. बाहेर रस्ता असायला हवा, पण तिथं दवाखान्याचा व्हरांडा आहे. बाकड्यांवर पाण्याचे पंप बसलेत, आपापला नंबर यायची वाट बघत. नर्स एकेकाचं नाव पुकारते आणि एकेक पंप आत जातो. माझ्या मुलीचं नाव ती पुकारत नाही, कारण अजून बारसंच झालेलं नाही.

"पाठवताय म्हणे तिला," वृषाली म्हणते.

मी तिला सगळं समजावून सांगतो. ताईच्या घरात माणसं आहेत. वेळच्या वेळी दूध होईल, डोस चुकणार नाहीत, भाऊजींना मुलगी हवीच होती. मी दिवसभर दुकानात असतो, पोरीकडे कोण बघणार? सगळं खरं आहे. कोथिंबीर आणायला विसरलो की मी जी कारणं द्यायचो ती वृषाली जशी ऐकायची, तशी ती हे ऐकते. मग म्हणते, की ताईंकडे ती चांगली वाढेल, त्यात वाद नाही. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

"फक्त आज तिची टाळू भरायची राहिलीय," ती म्हणते. "ताईंना गडबडीत सुचलं नाही. तेवढी भरा आणि मग पाठवा."

"तू भर."

ती वाटीतलं खोबरेल स्वतःच्या तळहातावर ओतते. तेल सरळ घरंगळून खाली जातं. तळहात कोरडाच राहतो. ती तो मला दाखवते.

आता आम्ही कृष्णेच्या घाटावर आहोत. इथंच मी तिचा दहावा केला. तिला ते सांगावं की नाही मला कळत नाही. नदीत पाणी नाही. पाण्याच्या जागी बाळाची दुपटी वाळत घातलीत, ओळीनं, पार पलीकडच्या काठापर्यंत. मी पायरीवर पाय लांब करून बसलोय, पायांवर मुलगी आहे, शेजारी वाटी.

"ओतू नका हं," वृषाली म्हणते. "बोटं नुसती ओली करा. आणि दाबायचं नाही, हात नुसता ठेवायचा."

मी बोटं ओली करतो. टाळू उडतेय. हात तिथवर जातो आणि थांबतो.

"बंद पडली तर?"

या वेळी ती चेष्टा करत नाही. माझ्याकडे बघत राहते, मग म्हणते, "ती तुमच्यामुळे चाललेली नाही, आणि तुमच्या हातानं बंदही पडायची नाही. मीसुद्धा तुमच्यामुळे गेले नाही हो."

मी हात ठेवतो.

आधी काहीच कळत नाही. मग हळूहळू ते बोटांना लागतं. जलद, एकसारखं, कुठं घासत नाही, कुठं अडखळत नाही. मुलगी जांभई देते आणि तिचं कपाळ माझ्या हाताखाली आक्रसतं. किती दिवसांनी माझ्या हाताला काहीतरी कळतंय. मला भीती वाटते, आणि भीती वाटतेय हेसुद्धा मला बरं वाटतं.

"कशी चाललीय?"

"चांगली चाललीय," मी म्हणतो.

वृषाली उठते. पदर खोचल्यासारखा गाऊन खोचते आणि दुपटी काढायला लागते. एकेक काढते, घडी घालते, खांद्यावर टाकते आणि पुढच्याकडे जाते. पलीकडच्या काठाकडे. तिच्या मागे धावावंसं वाटतं. खूप वाटतं. पण त्यासाठी मुलीच्या डोक्यावरचा हात काढावा लागेल, म्हणून मी बसून राहतो.

"हिची टाळू कुणी भरली?"

ताईचा आवाज आहे. मी डोळे उघडतो. मी चटईवर नाही, पाळण्याला टेकून बसलोय आणि माझा उजवा हात पाळण्यात आहे. ताई वाकून मुलीचं डोकं बघतेय. ती सांगते, की निघताना तेल लावावं म्हणून स्वयंपाकघरात गेले तर फळीवर वाटीच नव्हती. वाटी माझ्या मांडीजवळ आहे. मी हात बाहेर काढतो. बोटं तेलानं चमकतायत, नखांपर्यंत. आणि बोटांच्या टोकांशी ते अजून चालूच आहे, जलद, एकसारखं.

"मी भरली," मी म्हणतो.

"तू?"

मी कधी उठलो, फळीपर्यंत कसा गेलो, मला काही सांगता येत नाही, आणि ताईही विचारत नाही. ती नुसती माझ्या हाताकडे बघते. बाहेर गाडी थांबते, भाऊजी हॉर्न वाजवतात. आवाजानं मुलगी दचकते, तोंड वाकडं करते आणि रडायला लागते. ताई पुढे होते. पण त्याआधी मी मानेखाली एक हात घालतो, पाठीखाली दुसरा, ताई रोज उचलते तसं, आणि तिला उचलून घेतो. तेलकट डोकं माझ्या गळ्याला लागतं. आता मलाही रडू येतंय, आणि मी ते थांबवत नाही.

"ताई, भाऊजींना आत बोलव. चहा टाकू," मी म्हणतो. "पण ही येणार नाही."